ऐकीव गोष्ट आणि गोखल्यांची माफी



दशलक्षण पर्वात ‘उत्तम सत्य’ धर्माचा दिवस आला की खोटं बोलू नये यावर आपण प्रवचन ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येतो. खरं सांगायचं तर आपल्यातल्या बहुतेकजणी ठरवून खोटं बोलतच नाहीत. आपण बोलतो ते ऐकलेलं. “असं म्हणतात बाई”, “मी आपलं ऐकलं ते सांगते”, “खरं-खोटं देव जाणे, पण...” अशी सुरुवात केली की पुढच्या वाक्याची जबाबदारी आपल्यावर नाही, असं आपण धरून चालतो. ती खरंच नसते का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्याचं उत्तर शोधताना मला सव्वाशे वर्षांपूर्वीची पुण्यातली एक गोष्ट फार उपयोगी पडली. शाळेच्या पुस्तकात ती नव्हती. आज तीच सांगणार आहे.

आधी शब्दांकडे पाहू. ‘अफवा’ हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ ‘तोंडं’, तोंडाचं अनेकवचन. आपल्याकडे याच कुळातले शब्द किती आहेत पाहा: वदंता, किंवदंती, कंडी, आवई, हूल, भुमका, वावडी. आणि क्रियापदं? अफवा उठते, कंडी पिकते, आवई येते. उठवणारा, पिकवणारा वाक्यात नसतोच. भाषेनेच त्याला मोकळं सोडून दिलंय.

म्हणजे ऐकलेलं सगळंच टाकाऊ का? तसं म्हटलं तर आपला धर्मच उरणार नाही. आपल्या पाच ज्ञानांपैकी दुसरं श्रुतज्ञान. ‘श्रुत’ म्हणजे ऐकलेलं. भगवान महावीरांची वाणी गणधरांनी ऐकली, सुधर्मा स्वामींनी जंबू स्वामींना सांगितली आणि पुढे शेकडो वर्षं ती गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात अशीच आली. दिगंबर परंपरेत धरसेन आचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना शिकवलं, तेव्हा षट्खंडागम लिहिला गेला. श्रुतपंचमी त्याचीच आठवण आहे. श्वेतांबर परंपरेत देवर्धिगणींच्या काळी वलभीला आगम लिपिबद्ध झाले. त्याआधी सगळं कानावरच होतं.

पण या ऐकण्यात आणि आपल्या ‘असं म्हणतात’मध्ये एक फरक आहे. तिथे प्रत्येक कडीला नाव आहे. कोणी सांगितलं, कोणाला सांगितलं, सांगणाऱ्याचा अधिकार काय, हे पट्टावलीत जपून ठेवलंय. ऐकीव गोष्टीत नेमकं तेवढंच गळलेलं असतं. हा फरक लक्षात ठेवून आता इतिहासाकडे वळू.

सन १८९६. सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी एक रोगी तपासला आणि हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं आणि दाट वस्तीच्या चाळी. कच्छी, गुजराती व्यापाऱ्यांची घरं तिथे मोठ्या संख्येने होती, त्यांत आपली जैन घरंही आली. प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे तेव्हा कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. सरकारने ऑक्टोबरमध्ये हुकूम काढला की रोग्याला घरातून उचलून इस्पितळात न्यायचं.

मग अफवा उठल्या. इस्पितळात माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगातून ‘मोमियाई’ नावाचं तेल काढतात. डॉक्टर विष देतात. त्याच सुमारास मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं. त्यावरून अशी वदंता उठली की राणीला राग आलाय आणि तिने माणसांची काळजं मागितली आहेत. आज हसू येतं. पण ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, तो अशाच बोलण्यांवरून. लाखो माणसं मुंबई सोडून गावोगाव गेली आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला.

लोक मूर्ख होते का? मला तसं वाटत नाही. लोक रोग्याला लपवून ठेवत. अगदी हाताबाहेर गेल्यावर तो इस्पितळात पोचे आणि बहुधा परत येत नसे. त्याचं तोंड घरच्यांना दिसत नसे, धर्माप्रमाणे शेवटचे संस्कारही होतील याची खात्री नसे. आत काय चाललंय हे सांगणारं विश्वासाचं माणूस नव्हतं. जे गेले ते परतले नाहीत, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. मधली रिकामी जागा भीतीने भरून काढली. तेल काढतात ही गोष्ट साफ खोटी होती, पण ‘आमच्या माणसाला नेतात आणि आम्हाला काही सांगत नाहीत’ ही तक्रार खरी होती. अफवेतली माहिती खोटी असली तरी तिच्यातली भीती खरी असते. मुंबई सरकारलाही लोकांचा धाक बघून सक्ती थोडी सैल करावी लागली.

पुढच्या वर्षी प्लेग पुण्यात भडकला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा नवा कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे प्लेग कमिटीची सूत्रं आली. मार्चपासून गोऱ्या सोल्जरांची पथकं घरोघर तपासणीला फिरू लागली. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात बूट घालून माणसं शिरली, देवघरं बाटली, सामान बाहेर फेकलं गेलं, अशा तक्रारी येऊ लागल्या. प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत येते. म्हणजे तपासणीत बायकांचं काय होत असेल, हे मला लिहायला नको. परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या त्या बायका होत्या.

त्या काळी दोन माणसांनी पुण्याच्या बायकांविषयी तोंड उघडलं. दोघांचा अनुभव अगदी वेगळा ठरला.

पहिल्या पंडिता रमाबाई. पुण्यात त्यांचं शारदा सदन होतं. त्यांच्या धर्मांतरामुळे पुण्यातल्या पुष्कळांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. मे १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राला लिहून प्लेगच्या इस्पितळात बायकांना काय सोसावं लागतं ते मांडलं आणि आपल्या आश्रयाला असलेल्या एका मुलीचं तिथे काय झालं, याविषयी जाहीर तक्रार केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते आरोप नाकारले. पण त्यांना उत्तर द्यावं लागलं, कारण पत्राखाली नाव होतं आणि नाव असलेली बाई समोर उभी होती.

दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. तेव्हा वय अवघं ३१. फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक, न्यायमूर्ती रानड्यांचे शिष्य, आकड्यांचे पक्के. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला डेक्कन सभेतर्फे ते मार्च १८९७ मध्ये विलायतेला गेले होते. साक्ष उत्तम झाली. सरकारी आकडेच घेऊन त्यांनी सरकारचा हिशेब मांडला.

इकडे पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रं जात होती. त्यांत तपासणीच्या हकिगती असत. काही पत्रांत लिहिलं होतं की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला. पत्रं लिहिणारे ओळखीचे, विश्वासातले होते.

२२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव आटोपून परत जाताना गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडसाहेबावर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड काही दिवसांनी. सगळ्या इंग्लंडात एकच चर्चा सुरू झाली की पुण्यात असं झालं तरी काय? गोखले तिथेच होते. जुलैच्या सुरुवातीला त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला मुलाखत दिली आणि त्यात त्या दोन स्त्रियांची गोष्ट सांगितली. मला पुण्याच्या पत्रांतून असं कळलंय, असं सांगूनच सांगितली. पण छापून आल्यावर ती ‘प्रोफेसर गोखल्यांनी केलेला आरोप’ झाली. पार्लमेंटात प्रश्न निघाले. लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप साफ खोटा आहे असं कळवलं आणि पुरावा द्या अशी मागणी झाली.

गोखले हिंदुस्थानात परत येईपर्यंत इथली हवा पार बदलली होती. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं होतं. तपासणीविरुद्ध तक्रारी करणाऱ्या नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटला न चालवताच अटकेत टाकलं होतं. अशा वेळी ‘होय, ते पत्र मी लिहिलं’ असं म्हणायला कोण पुढे येणार? पत्र लिहिणाऱ्यांनी नावं बाहेर येऊ देण्याची तयारी दाखवली नाही. त्या स्त्रिया कोण, कुठल्या आळीतल्या, हे सांगायलाही कुणी तयार नव्हतं. गोखल्यांच्या हातात एकही पुरावा उरला नाही.

त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. मित्रांची नावं सांगून मोकळं व्हायचं. गप्प बसायचं. किंवा माफी मागायची. ऑगस्ट १८९७ च्या पहिल्याच आठवड्यात त्यांचं निवेदन वर्तमानपत्रांत आलं. आपण केलेला आरोप सिद्ध करता येत नाही, म्हणून तो आपण पूर्णपणे मागे घेतो आणि गव्हर्नरांची, प्लेग कमिटीची आणि प्लेगच्या कामावरच्या सोल्जरांचीही बिनशर्त माफी मागतो, असा त्याचा आशय होता. पत्र लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी सांगितली नाहीत.

पुण्यात त्यांच्यावर फार टीका झाली. सोल्जरांची माफी मागितली हे तर लोकांना मुळीच सहन झालं नाही. टिळक तुरुंगात गेले आणि गोखल्यांनी माफी मागितली, ही तुलना त्यांच्यामागे कायमची लागली. आपण बोलून चुकलो याचं दुःख त्यांनाही फार झालं. पुण्यात प्लेग पुन्हा आला तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून घरोघर फिरले. १८९९ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, १९०२ मध्ये वरिष्ठ कौन्सिलात, १९०५ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी भारत सेवक समाज स्थापला. गांधीजींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानलं. नंतरच्या काळात त्यांचे विरोधकही मान्य करत की गोखल्यांनी आकडा किंवा हकिगत सांगितली तर ती तपासलेलीच असणार.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक इथे थांबतात. गोखले भले की भित्रे, यावर वाद घालतात. माझं मन मात्र त्या दोन स्त्रियांपाशी अडकतं.

लंडनच्या पार्लमेंटात त्यांच्याविषयी बोललं गेलं, मँचेस्टरच्या पेपरात छापलं गेलं, मुंबईच्या गव्हर्नरने तारा केल्या. त्यांचं नाव मात्र कुठेच नाही. त्या होत्या की नव्हत्या हेही आज कुणाला सांगता येणार नाही. समजा त्या होत्या, तर त्यांच्या घरातल्यांनी १८९७ च्या पुण्यात उठून सांगितलं असतं का? सांगितलं असतं तर त्या बाईला पुन्हा घरात जागा मिळाली असती का? पुराव्याअभावी आरोप मागे घेतला गेला, एवढंच त्या माफीने सिद्ध होतं. काहीच घडलं नाही, हे सिद्ध होत नाही. आणि समजा त्या नव्हत्याच, तर कोणा तरी सोल्जरांवर न केलेल्या पापाचा डाग लागला. दोन्हींकडे हिंसाच आहे.

कायदा याबाबतीत काय म्हणतो तेही पाहण्यासारखं आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात नियम होता की पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानेच सांगावी, ऐकलेली ऐकणाऱ्यानेच. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही हे तत्त्व कायम आहे. ऐकीव साक्ष चालत नाही. पण याला एक अपवाद आहे. मेलेल्या माणसाने आपल्या मरणाच्या कारणाविषयी जे सांगितलं असेल, ते कोर्ट ऐकतं. कारण तो माणूस आता येऊच शकत नाही. मात्र तिथेही, ‘माझ्यासमोर ती असं बोलली’ हे सांगायला कुणीतरी जिवंत माणूस पिंजऱ्यात उभं राहावं लागतं, स्वतःचं नाव सांगून.

मी कॉमर्सची पदवीधर. हिशेबाच्या पहिल्याच धड्यात आम्हाला शिकवलं होतं की व्हाउचर नसेल तर नोंद नाही. पण पैसा आलाय आणि कशाचा ते कळत नाही, असंही होतं. तेव्हा तो आपल्या मर्जीने नफ्यातही टाकायचा नाही आणि फेकूनही द्यायचा नाही. तो सस्पेन्स खात्यात ठेवायचा आणि कागद शोधायचा. वर्ष संपेपर्यंत ते खातं निकाली काढायचं. ऐकीव गोष्टीचं असंच करावं, असं मला वाटतं. तिच्यावर विश्वासही ठेवायचा नाही आणि ‘हॅ, काहीतरीच’ म्हणून झिडकारायचीही नाही. कोणी पाहिलं, कधी, कुठे, याचा कागद शोधायचा. पण तोवर ते खातं आपल्या घरातच राहिलं पाहिजे. चार घरी फिरवलं की ते सस्पेन्स राहत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी तर याहून पुढचा विचार केलाय. सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यांत ‘रहोभ्याख्यान’ म्हणजे दुसऱ्याची एकांतातली गोष्ट उघड करणं आणि ‘साकारमंत्रभेद’ म्हणजे कुणाच्या हावभावावरून त्याच्या मनातलं ओळखून ते बाहेर फोडणं, हे दोन आहेत. ही गोष्ट खरी असली तरी अतिचार लागतो! अठरा पापस्थानांत अभ्याख्यान, पैशुन्य आणि परपरिवाद यांना तीन वेगवेगळ्या जागा दिल्यात: खोटा आळ, चहाडी आणि परनिंदा. जैन रामायणातली वेगवतीची कथा आपल्याला ठाऊक आहे. तिने एका मुनींविषयी गावात खोटा बोभाटा केला. पुढे तिने ते कबूल केलं, तरी बांधलेलं कर्म सुटलं नाही. सीतेच्या जन्मी तिच्यावरच लोकापवाद आला. ती कथा ऐकताना आपण सीतेसाठी रडतो. वेगवती मात्र आपल्या लक्षात राहत नाही.

हे सगळं जुनं झालं असं कुणी म्हणू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मुलं पळवणारे आहेत असा संशय होता. मोबाइलवरून फिरणाऱ्या निरोपांनी तेव्हा गावोगाव तशी भीती पसरली होती. ते पाचजण होते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. तो निरोप पुढे पाठवणाऱ्या कितीतरी बायकांनी ‘मुलांची काळजी घ्या’ अशा चांगल्या भावनेनेच पाठवला असेल. इथेही भीती खरी आणि माहिती खोटी होती.

म्हणून मी स्वतःसाठी काही गोष्टी ठरवल्या आहेत, पटल्या तर तुम्हीही घ्या. कुणी काही सांगितलं की शांतपणे विचारायचं, “तुम्ही स्वतः पाहिलं का?” बहुतेक गोष्टी तिथेच संपतात. कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाच्या दुकानाची पत, यांविषयी ऐकलेलं पुढे न्यायचं नाही. खरं असलं तरी नाही. ‘पुढे पाठवा’ असं लिहिलेला निरोप पुढे पाठवायचा नाही.

आणि शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एखाद्या बाईवर तिच्या घरात किंवा बाहेर काही अन्याय होतोय असं कानावर आलं, तर ते कुजबुजत फिरवायचंही नाही आणि ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून सोडायचंही नाही. तिच्याकडे जायचं. तिला विचारायचं. ती हो म्हणाली आणि तिची तयारी असेल, तर तिच्या बाजूला उभं राहून सांगायचं की मी हिच्याबरोबर आलेय, माझं नाव लिहून घ्या. आपल्या भिशीत, महिला मंडळात, स्वाध्यायात एवढ्या जणी एकत्र येतो. १८९७ मध्ये त्या दोघींविषयी बोलणारी तोंडं पुष्कळ होती, त्यांच्यासाठी नाव द्यायला मात्र कुणी निघालं नाही. रमाबाईंनी आपल्या मुलीसाठी ते दिलं होतं.

तुमच्या आजी-पणजीकडून प्लेगच्या दिवसांच्या काही गोष्टी ऐकल्या असतील तर मला जरूर कळवा. फक्त कोणी सांगितली आणि कोणत्या गावची, तेवढं आवर्जून लिहा.

जय जिनेंद्र.